अमेरिकेत नव्याने आलात? दारू पिऊन गाडी चालवणं आणि अमली पदार्थ: राज्यांचे कायदे कसे समजून घ्यावेत

अमेरिकेत नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना घर कसं शोधायचं, सोशल सिक्युरिटी नंबर कधी काढायचा, क्रेडिट कसं बांधायचं हे सगळे सांगतात. रात्री पार्टीहून परतताना मागे लाल-निळे दिवे लागले तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. घरच्यांशी बोलायला विषय अवघड, आणि ‘आपल्या मुलांवर ही वेळ कशाला येईल’ असा एक समज. इथल्या मराठी मंडळात नव्या लोकांना मदत करणाऱ्या आमच्यासारख्यांना फोन येतो तो प्रकरण घडून गेल्यावर, आणि तोवर निम्म्या गोष्टी हातातून गेलेल्या असतात. म्हणून हा लेख. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणाचा सल्ला वकीलच देईल, पण त्याला काय विचारायचं आणि त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत काय करायचं नाही, एवढं तुम्हाला माहीत असायलाच हवं.

पायरी १: तुमच्यावर एकाच वेळी दोन कायदे चालतात हे लक्षात घ्या

भारतात भारतीय न्याय संहिता आणि अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत एकच. इथे फौजदारी कायदा मुख्यतः राज्याचा असतो. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. खिशात एक ग्रॅमपेक्षा कमी कोकेन सापडलं तर कॅलिफोर्नियात तो साधारणपणे मिसडिमीनर, म्हणजे तुलनेने हलका गुन्हा. टेक्सासात तीच पुडी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा ठरते: १८० दिवस ते २ वर्षं कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड.

या राज्यांच्या वर केंद्राचा कायदा आहे. अमली पदार्थांची केंद्रीय यादी १९७०च्या कायद्याने बनली, आणि इमिग्रेशन पूर्णपणे केंद्राच्या हातात आहे. तुरुंग की दंड हे राज्य ठरवतं. तुम्ही या देशात राहायचं की नाही, परत यायचं की नाही, हे केंद्र ठरवतं. तुमच्या अमेरिकन रूममेटला जे प्रकरण हजार-दोन हजार डॉलरला पडेल, तेच तुमचा एफ-१ किंवा एच-१बी व्हिसा धोक्यात आणू शकतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर हा फरक मनात ठेवा.

पायरी २: आपल्या राज्याचा कायदा शोधून वाचा

प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कायदा फुकट वाचायला मिळतो, आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी जी पुस्तिका वाचता तिच्यातही यावर एक प्रकरण असतं. परीक्षेपुरतं न वाचता ते नीट वाचा. टेक्सास, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला डीडब्ल्यूआय म्हणतात, कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात डीयूआय, ओहायोत ओव्हीआय, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये ओडब्ल्यूआय. शोधताना हीच अक्षरं वापरा.

न्यू जर्सीत, विशेषतः एडिसनच्या आसपास, आपली वस्ती मोठी आहे, म्हणून तिथलं एक सांगतो. तिथे दारू पिऊन गाडी चालवणं हा तांत्रिकदृष्ट्या ‘गुन्हा’ नसून वाहतुकीचा भंग मानला जातो आणि खटला म्युनिसिपल कोर्टात चालतो. हे ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. होऊ नका. पहिल्या वेळीही ३० दिवसांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे, दंडाखेरीज सलग तीन वर्षं वर्षाला १,००० डॉलरचा अधिभार बसतो, आणि ‘कधी अटक झाली होती का’ या व्हिसाच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’ असंच द्यावं लागतं.

वाचताना कायदा आजचा आहे ना, हेही बघा. ओरेगनने २०२१मध्ये अमली पदार्थ थोड्या प्रमाणात जवळ बाळगणं गुन्ह्यातून वगळलं होतं, आणि १ सप्टेंबर २०२४पासून ते पुन्हा गुन्हा झालं. दोन वर्षांपूर्वी सीनियरने सांगितलेलं आज खरं असेलच असं नाही.

पायरी ३: ०.०८चा अर्थ आणि पेगचं गणित समजून घ्या

भारतात मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३. अमेरिकेत २१ वर्षांवरच्या साध्या चालकासाठी ती ०.०८ आहे, फक्त युटामध्ये ०.०५. ट्रकसारखी व्यावसायिक वाहनं चालवणाऱ्यांना ०.०४. ‘इथे भारतापेक्षा सूट जास्त आहे’ असं यावरून वाटतं, आणि तिथेच लोक फसतात.

कारण ०.०८ ही सुरक्षित मर्यादा नाही. त्या आकड्याला पोचलात की बाकी काही सिद्ध न करताही गुन्हा होतो, एवढाच त्याचा अर्थ. आकडा त्याखाली असला तरी दुसरा दरवाजा उघडा असतो: तुमची गाडी चालवण्याची क्षमता कमी झाली होती, एवढं दाखवलं तरी पुरतं. टेक्सासच्या कायद्यात शारीरिक किंवा मानसिक क्षमतांचा ‘नेहमीसारखा वापर’ राहिला नाही तर माणूस नशेत धरला जातो. ॲरिझोनात क्षमतेवर किंचित परिणाम झाला असला तरी गुन्हा होतो. न्यूयॉर्क आणि कोलोरॅडोत ०.०५च्या पुढे एक वेगळा, हलका आरोप लागू शकतो.

आता पेग. अमेरिकेत एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: साध्या ५ टक्के बिअरचा ३५५ मिलीचा कॅन, किंवा वाइनचा सुमारे १५० मिलीचा ग्लास, किंवा व्हिस्कीचे ४४ मिली. आपल्या घरगुती पार्टीत ओतला जातो तो ६० मिलीचा लार्ज पेग. त्यात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे जवळपास दीड ड्रिंक. ‘दोनच घेतले’ म्हणणाऱ्याच्या पोटात तीन गेलेले असतात. क्राफ्ट बिअर मिळते तिथे ७-८ टक्क्यांच्या आयपीएचा मोठा पाइंट म्हणजे दोन ड्रिंक. शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ या गतीने कमी करतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ती गती वाढत नाही. रात्री एक वाजता ०.१८वर असलेला माणूस झोपून उठला तरी सकाळी सातला ०.०९च्या आसपास असतो. रविवारी सकाळी मित्राला विमानतळावर सोडायला जाताना पकडले जाणारे असेच असतात.

माझं स्पष्ट मत आहे की व्हिसावर असलेल्या माणसाने हे गणित आपण किती पिऊ शकतो यासाठी वापरूच नये. घोट घेतला की त्या रात्री किल्ली दुसऱ्याच्या हातात. टॅक्सीचे तीस-चाळीस डॉलर जास्त वाटतात, पण वकिलाची फी हजारांत सुरू होते.

२१ वर्षांखालच्यांसाठी वेगळंच आहे. सगळ्या राज्यांत दारू विकत घेण्याचं वय २१ आहे, आणि चालकांसाठी जवळपास शून्य सहनशीलता: कॅलिफोर्नियात ०.०१ला कारवाई सुरू होते, टेक्सासात नुसता अंश सापडला तरी. बी.एस.साठी आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. आणि त्यांना दारू आणून देणाऱ्या एम.एस.च्या ताई-दादांनीही. टेक्सासात अल्पवयीनाला दारू पुरवण्यासाठी एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

आणखी तीन गोष्टी ज्या नव्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. पार्टीतून उरलेली उघडी बाटली पुढच्या किंवा मागच्या सीटवर ठेवून नेणं हाच बहुतेक राज्यांत वेगळा गुन्हा आहे. ती डिकीत ठेवा. पिऊन गाडीतच झोपलात आणि किल्ली जवळ असली, तर अनेक राज्यांत गाडी ‘ताब्यात’ होती म्हणून आरोप लागू शकतो. आणि झोप आणणाऱ्या गोळ्या, तेही डॉक्टरने लिहून दिलेल्या: कॅलिफोर्निया आणि टेक्सास दोन्हीकडे ‘माझ्याकडे प्रिस्क्रिप्शन होतं’ हा बचाव कायद्यानेच नाकारला आहे.

पायरी ४: गाडी थांबवली तर

सुरक्षित जागा बघून उजवीकडे गाडी घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. गाडीतून उतरू नका. आपल्याकडे उतरून हवालदारापाशी जाणं हा अदब समजला जातो. इथे त्याला धोका समजतात. कागद काढण्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा असेल तर आधी सांगा, मग हलवा. लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा हे तीन कागद द्यायचेच.

मग बहुधा प्रश्न येतो: आज काही प्यायलात का? आपली मुलं संकोचाने ‘फक्त दोन बिअर’ म्हणतात. हे वाक्य अहवालात जसंच्या तसं उतरतं. खोटं कधीही बोलू नका, पण या प्रश्नाचं उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘ऑफिसर, आय वुड प्रेफर नॉट टु आन्सर क्वेश्चन्स विदाउट अ लॉयर’ असं शांतपणे म्हणता येतं. आवाज चढवू नका, कॅमेरा चालू असतो.

गाडीतून उतरायला सांगितलं तर उतरा. त्यानंतर तीन कसरतींची चाचणी येऊ शकते: डोळ्यासमोर फिरणाऱ्या पेनकडे बघणं, सरळ रेषेत टाचेला बोट लावत नऊ पावलं जाऊन वळणं, आणि एका पायावर उभं राहणं. बहुतेक राज्यांत या ऐच्छिक असतात. थकलेला, घाबरलेला, इंग्रजीतल्या सूचना अर्धवट समजलेला माणूस दारू न पिताही इथे चुकतो. नम्रपणे नकार देता येतो. त्यानंतरही अटक होऊ शकते, पण विरोधातला एक पुरावा कमी होतो.

श्वासाच्या चाचणीबाबत मात्र नीट फरक करा. रस्त्यावर हातातल्या छोट्या यंत्रात फुंकायला सांगतात ती प्राथमिक चाचणी. कॅलिफोर्नियात ती प्रौढ चालकाला नाकारता येते, पण २१ वर्षांखालच्यांना आणि आधीच्या डीयूआयच्या प्रोबेशनवर (कोर्टाच्या अटींखाली, देखरेखीत) असलेल्यांना नाही. अटकेनंतर ठाण्यातल्या मोठ्या यंत्रावरची किंवा रक्ताची चाचणी ही वेगळी गोष्ट. लायसन्स घेताना, किंवा त्या राज्याच्या रस्त्यावर नुसती गाडी चालवताना, तुम्ही या चाचणीला आधीच संमती दिली असं कायदा धरतो. नकाराची शिक्षा लायसन्सवर येते: कॅलिफोर्नियात एक वर्ष निलंबन, न्यूयॉर्कमध्ये निदान एक वर्ष, टेक्सासात १८० दिवस, न्यू जर्सीत नकार हा स्वतंत्र आरोपच आहे. रक्तासाठी पोलिसांना सहसा वॉरंट लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये श्वासाच्या आणि रक्ताच्या चाचणीत हा भेद स्पष्ट केला.

गाडीची झडती घेऊ का, असं विचारलं तर ‘आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च’ एवढंच म्हणा. ‘लपवण्यासारखं काही नाही, बघा की’ असं भोळेपणाने म्हणू नका. मागच्या सीटखाली कुणाचं काय पडलंय हे तुम्हाला माहीत नसतं. ठोस संशयाचं कारण असेल तर पोलीस तुमच्या संमतीशिवायही गाडी तपासू शकतात. तेव्हा अडवू नका, हात लावू नका. तुमचा नकार नोंदला जाणं महत्त्वाचं, तो पुढे कोर्टात कामी येतो.

आणि पैसे. ‘साहेब, इथेच मिटवू’ हा विचारही मनात आणू नका. पोलिसाला लाच देऊ करणं हा मूळ आरोपापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे.

पायरी ५: अटक झाली तर पहिले काही दिवस

चौकशीला ‘मला वकील हवा’ एवढंच उत्तर. तुरुंगातल्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, मराठीत बोललात म्हणून ते गुप्त राहत नाही. आई-बाबांना किंवा मित्राला फोन केलात तर कुठे आहात आणि वकील हवा आहे एवढंच सांगा, काय झालं ते नाही. तुमच्या फोनमध्ये डोकावण्यासाठी पोलिसांना वॉरंट लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये ठरवलं आहे. पासकोड स्वतःहून सांगू नका. व्हिएन्ना करारानुसार भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. मागितलात तरच कळवतात. वकिलात खटला लढत नाही, पण घरच्यांशी संपर्क आणि वकिलांची यादी यासाठी उपयोग होतो. वकील परवडत नसेल आणि तुरुंगाची शक्यता असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, तुमचा व्हिसा कुठलाही असो.

सुटून आल्यावर सगळ्यांचं लक्ष कोर्टाच्या तारखेकडे असतं, आणि दुसरं एक घड्याळ मुकाट्याने चालू असतं. लायसन्स निलंबित करण्याची कारवाई कोर्टाबाहेर, वेगळी होते. ती थांबवायला सुनावणी मागावी लागते: कॅलिफोर्नियात अटकेपासून १० दिवसांत डीएमव्ही या लायसन्स देणाऱ्या खात्याकडे, टेक्सासात निलंबनाची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत. हातात दिलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदांत बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. मुदत गेली की कोर्टाचा निकाल लागण्याआधीच लायसन्स निलंबित होऊ शकतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात वकील गाठा.

पायरी ६: गांजा ‘कायदेशीर’ कुठे आहे आणि कुणासाठी

चोवीस राज्यांत आणि वॉशिंग्टन डी.सी.त प्रौढांना गांजा बाळगण्याची मुभा आहे. कॅलिफोर्नियात २८.५ ग्रॅम, न्यूयॉर्कमध्ये ३ औंस, न्यू जर्सीत ६ औंसांपर्यंत. इलिनॉयमध्ये स्थानिक रहिवाशाला ३० ग्रॅम, पाहुण्याला १५. रस्त्यावर चकचकीत दुकानं, बिलावर सेल्स टॅक्स. नव्याने आलेल्याला वाटतं की हे बिअरसारखंच आहे.

केंद्राच्या कायद्यात तो आजही नियंत्रित पदार्थ आहे, आणि इमिग्रेशनला फक्त केंद्राचा कायदा दिसतो. इतकंच नव्हे, शिक्षा झालेली नसतानाही ‘हो, मी ओढला आहे’ अशी कबुली विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर किंवा व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत दिली, तर प्रवेश नाकारण्याचं ते कारण होऊ शकतं. अमेरिकेत परतताना फोन तपासला जाऊ शकतो, आणि त्यात ‘वीड’चे मेसेज-फोटो असतात. नागरिकत्वाच्या अर्जातही हा प्रश्न येतो. डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या दुकानात, अर्धवेळ काम करणं तर अजिबात नको. नागरिक होईपर्यंत गांजाला हात लावू नये, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, मग तो कितीही ‘लीगल’ राज्यात राहत असो.

त्यात भर राज्यांच्या सीमेची. गांजा घेऊन सीमा ओलांडली की दोन्हीकडे तो कायदेशीर असला तरी केंद्रीय गुन्हा. राष्ट्रीय उद्यानं केंद्राची जमीन, त्यामुळे कॅलिफोर्नियातून विकत घेऊन योसेमिटीत गेलात तरी गुन्हा. विमानतळ, विमान, तसंच. विद्यापीठांचे कॅम्पस केंद्राचा निधी घेतात, तिथेही बंदी.

न्यू जर्सीतून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून फिलाडेल्फियाला जाणारे आपले हजारो लोक आहेत. समजा एखाद्याने शनिवारी घरी, न्यू जर्सीत, कायद्यात राहून गांजा ओढला. मंगळवारी पूर्ण शुद्धीत तो पेनसिल्व्हेनियात गाडी चालवतोय आणि काही कारणाने त्याचं रक्त तपासलं गेलं. गांजाचे अवशेष रक्तात काही दिवस राहू शकतात, विशेषतः नेहमी ओढणाऱ्याच्या. पेनसिल्व्हेनियाचा कायदा म्हणतो की परिशिष्ट एकमधल्या (सर्वांत कडक यादीतल्या, ज्यात गांजा आहे) पदार्थाचा, किंवा शरीरात त्याचं जे रूपांतर होतं त्याचा, रक्तात कितीही अंश असला तरी डीयूआय. नशा होती की नाही, हा प्रश्नच येत नाही.

आणि टेक्सास. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनला आलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. सुका गांजा २ औंसांखाली असेल तर मिसडिमीनर: १८० दिवसांपर्यंत कैद, २,००० डॉलरपर्यंत दंड. पण व्हेप पेनमधलं तेल, गमी, ब्राउनी यांतला टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) हा वेगळ्या, कडक गटात मोडतो. एक ग्रॅमपेक्षा कमी असला तरी फेलनी. शिवाय वजन मोजताना नुसता टीएचसी नाही, तो ज्यात मिसळलाय ते सगळं धरतात. डेन्व्हरहून ‘गंमत म्हणून’ आणलेल्या गमीच्या एका पाकिटात साखर आणि जिलेटिन धरून सहज ४ ग्रॅमच्या वर वजन भरतं, आणि ४ ते ४०० ग्रॅम हा सेकंड डिग्री फेलनीचा टप्पा आहे: २ ते २० वर्षं. पेट्रोल पंपावरच्या दुकानात ‘हेम्प’ म्हणून उघड विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे नियमही सतत बदलत आहेत. दुकानात मिळतं म्हणून निर्धास्त राहू नका.

‘ते माझं नव्हतंच’ हे कितपत चालतं? जवळ बाळगणं म्हणजे फक्त खिशात असणं नाही. वस्तू कुठे आहे हे माहीत असणं आणि ती तुमच्या नियंत्रणात असणं, एवढं पुरतं. २००३च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गाडीच्या मागच्या सीटच्या हातटेकणीमागे कोकेन सापडल्यावर गाडीतल्या तिघांनाही अटक करणं वैध ठरवलं. तेव्हा कुणाच्या गाडीत बसताय, रूममेट सामाईक खोलीत काय ठेवतोय, याकडे डोळेझाक करू नका. भाडेकरारावर सही करण्याआधी हा प्रश्न सरळ विचारावा, संकोच नको.

पायरी ७: भारतातून आणलेली औषधं

मराठी घरांतून ही चूक अगदी प्रेमाने होते. बॅगेत आई वर्षभराच्या गोळ्या भरते. क्रोसिन, ओआरएस यांची चिंता नाही. पण ट्रामाडोल, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध हे सगळे इथे नियंत्रित पदार्थ आहेत. खरंच लागत असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांच्या आतला साठा आणा, आणि विमानतळावर विचारलं तर दाखवा. सुट्या गोळ्या डबीत भरून आणू नका, दुसऱ्याच्या नावाची औषधं आणू नका. भांग असलेल्या आयुर्वेदिक गोळ्या तर मुळीच नकोत: भारतात भांगेची पानं एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर आहेत, अमेरिकेत ती गांजाच धरतात.

दुसरी बाजू इथल्या औषधांची. परीक्षेच्या दिवसांत जागं राहायला मित्राकडून ॲडरॉलची (एकाग्रतेसाठी डॉक्टर लिहून देतात ती) गोळी घेणं कॅम्पसवर सर्रास चालतं. प्रिस्क्रिप्शनशिवाय ती जवळ असणं हा अमली पदार्थाचाच गुन्हा, अनेक राज्यांत फेलनी. आणि बाहेरून मिळणाऱ्या अशा गोळ्या बनावट असून त्यात फेंटानिल हे अतितीव्र वेदनाशामक असू शकतं, ज्याची कणभर मात्रा जीव घेते. कुणी बेशुद्ध पडलं, श्वास मंदावला तर क्षणभरही विचार न करता ९११ फिरवा. बहुतेक राज्यांत मदत मागणाऱ्याला थोडंफार कायदेशीर संरक्षण असतं, आणि अशा विषबाधेवर उतारा म्हणून नाकात मारायचा नालोक्सोनचा फवारा २०२३पासून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो.

पायरी ८: व्हिसावर काय होतं

डीयूआयच्या अटकेनंतर, खटला उभा राहण्याआधीच, परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. २०१५पासून हे नियमित होतं आहे, आणि मागच्या पाच वर्षांतली अटक त्यासाठी पुरते. सहसा एक ईमेल येतो. व्हिसा रद्द म्हणजे इथला कायदेशीर दर्जा लगेच संपला असं सहसा नसतं, पण देशाबाहेर पडलात की नवा व्हिसा लागतो, आणि मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीबरोबर नेमून दिलेल्या डॉक्टरची तपासणीही करावी लागते. भावाच्या लग्नाला म्हणून गेलेला माणूस महिनोन् महिने पुण्यात अडकतो तो असा. एप्रिल २०२५मध्ये तर किरकोळ पोलीस नोंदी असलेल्या अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी (सरकारी यंत्रणेतल्या त्यांच्या विद्यार्थी-दर्जाच्या नोंदी) अचानक बंद केल्या गेल्या. न्यायालयात दाद मागितल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणून प्रकरण चालू असताना इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

अमली पदार्थांबाबत केंद्राचा कायदा याहून कठोर आहे. कुठल्याही नियंत्रित पदार्थाबद्दल शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते; अपवाद फक्त एकदाच, स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याचा. आणि हा अपवादही बाहेर जाऊन परत येताना तुम्हाला वाचवेलच असं नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांनाही हे लागू आहे.

कॅनडाचंही ध्यानात ठेवा. २०१८च्या डिसेंबरपासून तिथे नशेत गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यांत गेलं आहे. अमेरिकेतल्या एका डीयूआयमुळे टोरांटोच्या नातेवाइकांकडे जाताना सीमेवरून परत पाठवलं जाऊ शकतं.

पायरी ९: कबुलीजबाबावर सही करण्याआधी

पहिला गुन्हा असेल तर सरकारी वकील बहुधा तडजोड सुचवतो: कबूल करा, प्रोबेशन पाळा, मग प्रकरण बंद. टेक्सासात डिफर्ड ॲडज्युडिकेशन नावाची सोय आहे. अटी पाळल्या की राज्याच्या दृष्टीने शिक्षा नोंदली जात नाही. अमेरिकन माणसासाठी हा चांगला सौदा आहे. तुमच्यासाठी नसू शकतो. इमिग्रेशन कायद्याची ‘शिक्षा’ची व्याख्या वेगळी आहे: तुम्ही गुन्हा कबूल केलात आणि न्यायाधीशाने काहीही बंधन घातलं, तर ती शिक्षा धरली जाते, राज्याने पुढे प्रकरण मिटवलं तरी.

२०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील ते सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. तो हक्क मागा. त्याला पहिल्याच भेटीत सांगा की मी नागरिक नाही, माझा व्हिसा अमुक आहे, आणि सही करण्याआधी प्रस्तावित कबुली इमिग्रेशन वकिलाला दाखवायची आहे. दोन वकिलांची फी डोईजड वाटते, पण इथे काटकसर करू नका. नेमक्या कलमाची निवड, कबुलीत पदार्थाचं नाव आहे की नाही, यावर तुमची पुढची वर्षं ठरतात. आरोपपत्रातला एखादा शब्द बदलून घेणं अनेकदा शक्य असतं, सही झाल्यावर नाही.

प्रकरण संपलं की कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची शिक्क्याची प्रत घ्या, निदान तीन. पोलिसांचा अहवाल, दंडाच्या पावत्या, वर्ग किंवा समुपदेशन पूर्ण केल्याचा दाखला, सगळं एका फायलीत ठेवा आणि स्कॅन करून घरच्यांकडेही एक प्रत द्या. पुढे व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, प्रत्येक ठिकाणी ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न येतो, आणि राज्याने नोंद पुसली असली तरी उत्तर खरंच द्यावं लागतं. काही राज्यांत काही वर्षांनी जुने कागद कोर्टातून मिळेनासे होतात, तेव्हा हीच फाइल उपयोगी पडते.